अल्पसंख्याक असल्याचा पुरावा कोणी मागायचा? ('उत्खनन', 'तळटीप' आणि 'आतलाआवाज' या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांमधला वाद)

उत्खनन:
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मॅशपी नावाचं गाव आहे. तिथल्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांनी हातातून गेलेल्या जमिनीसाठी १९७६ मध्ये दावा लावला. बॉस्टनच्या कोर्टात जमिनीचा प्रश्न बाजूलाच राहिला; आधी तुम्ही जमात आहात हे सिद्ध करा, असं ठरलं. भाषा कधीच गेलेली, बरेचसे लोक बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती, लग्नं बाहेरच्यांशी झालेली, राहणी चारचौघांसारखी. मानवशास्त्राचे अभ्यासक साक्षीला उभे राहिले. ज्यूरीचा निर्णय असा: १८३४ आणि १८४२ मध्ये ही जमात होती, १७९०, १८६९, १८७० आणि १९७६ मध्ये नव्हती. दावा फेटाळला गेला. पुढे २००७ मध्ये केंद्र सरकारनं याच लोकांना जमात म्हणून मान्यता दिली.

हा निर्णय वाचून मला अजूनही संताप येतो. मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं की समूह टिकतो तो 'आपण' आणि 'ते' यांच्यातल्या सीमेमुळे. सीमेच्या आतले रीतिरिवाज, पोशाख, अगदी धर्मही बदलू शकतो. बहुसंख्याक समाज शंभर वर्षांत आमूलाग्र बदलतो, तरी त्याला कोणी विचारत नाही की तुम्ही अजून तेच आहात का. अल्पसंख्याकांनीच तेवढं पणजोबांसारखं राहून दाखवायचं, हा कुठला न्याय? माझ्या मते संस्कृतीचा पुरावा मागणंच बंद व्हायला हवं.

तळटीप:
साफ असहमत. सगळं सीमेवर सोडलं तर हक्क द्यायचे कोणाला? जमीन, शाळा, राखीव जागा या मोजक्या गोष्टी असतात, त्यावर खोटे दावेही होतात. नॉर्वेतल्या सामी या मूळनिवासी लोकांचंच पाहा. त्यांची स्वतंत्र संसद १९८९ पासून आहे. तिच्या मतदार यादीत यायचं तर स्वतःला सामी मानणं पुरत नाही. स्वतःच्या, आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या नाहीतर पणजी-पणजोबांच्या घरात सामी भाषा बोलली जात होती, असं सांगावं लागतं, किंवा आई-वडिलांपैकी कोणीतरी त्या यादीत असावं लागतं.

आणि भाषा गेली तरी चालतं, हे आपण बाहेर बसून म्हणतो. वाम्पानोआग लोकांनी १९९० च्या दशकात आपली भाषा पुन्हा उभी करायला घेतली. त्या वेळी ती जन्मभाषा म्हणून बोलणारा एकही माणूस उरलेला नव्हता. जुनी कागदपत्रं आणि धर्मांतरासाठी १६६३ मध्ये छापलेलं बायबलचं भाषांतर यांवरून एकेक शब्द, एकेक प्रत्यय शोधावा लागला. सीमा पुरेशी असती तर एवढा खटाटोप त्यांनी केला असता का? आतलं सामान त्यांना जिवाभावाचं आहे.

उत्खनन:
जिवाभावाचं आहेच, ते मी नाकारत नाही. पण जिवाभावाचं असणं वेगळं आणि कोर्टात दाखवायला लागणं वेगळं.

सामींचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. मानवशास्त्रज्ञ हाराल्ड आइडहाइम यांनी १९६० च्या दशकात उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कच्या किनाऱ्यावरच्या सामी वस्तीत काम केलं. घरं, कपडे, बोटी, सगळं नॉर्वेजियन. दुकानात, धक्क्यावर नॉर्वेजियनच बोलायचे. ओळख मुरल्यावर लोकांनी हळूच सांगितलं की घरात सामी बोलतो. शाळेपासून सरकारनं ती भाषा हिणकस ठरवलेली, म्हणून लपवायची. तेव्हा कोणी पुरावा मागितला असता तर काय हाती लागलं असतं? म्हणूनच तर यादीची अट पणजोबांपर्यंत मागे जाते. भाषा हिरावली गेली, हे ती अट मान्य करते.

आतलाआवाज:
तुमच्या दोघांच्या वादात समूह म्हणजे जणू एकच माणूस झालाय. कॅनडातल्या सॅन्ड्रा लव्हलेस मालिसीट समाजात जन्मल्या. बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं म्हणून कायद्यानं त्यांचा आदिवासी दर्जा गेला. घटस्फोटानंतरही राखीव क्षेत्रात राहण्याचा हक्क मिळेना. त्याच समाजातल्या पुरुषानं बाहेरची बायको केली तर त्याचं काहीच जात नव्हतं, उलट बायकोला दर्जा मिळायचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं १९८१ मध्ये लव्हलेस यांच्या बाजूनं मत दिलं, १९८५ मध्ये कायदा बदलला. या बदलाला काही आदिवासी नेत्यांचाही विरोध होता. आता सांगा, सीमा आखली कोणी? सरकारनं, आणि ती सांभाळायला आतलेही काही जण तयार होते. सीमेवर ज्याचा ताबा, त्याच्या हातात आतल्या दुबळ्या माणसाचं नशीब.

तळटीप:
म्हणजे निकष हवेतच, फक्त बाई-पुरुष भेद करणारे नकोत. माझ्या बाजूचाच मुद्दा झाला.

आतलाआवाज:
नाही, तुमच्या बाजूचा नाही. लव्हलेस यांच्याकडे निकषात बसणारं सगळं होतं: जन्म, भाषा, नातेवाईक. तरी त्या बाहेर पडल्या. समितीनं पाहिलं ते एवढंच की या समाजात वाढलेल्या, नातं न तोडलेल्या आणि तिथंच राहू इच्छिणाऱ्या बाईला आपल्या माणसांत राहण्यापासून अडवायला काही सबळ कारण आहे का. पुरावा अडवणाऱ्याकडे मागितला. मॅशपीच्या खटल्यात तसं कोणी केलं नाही.