गच्चीवर म्हणायला विरहाचं एखादं ऑल्टरनेटिव्ह रॉक गाणं सुचवा (गिटार एक, आवाज बेताचा)

अनगोळ_अनप्लग्ड: मंडळी, शनिवारी शहापुरात मित्राच्या गच्चीवर आम्ही पंधरा-वीस जण गायला बसणार आहोत. मला एक इंग्लिश गाणं म्हणायचंय, मन मोडलेल्या माणसाचं. कारण विचारू नका. (बरं, सांगतो. जानेवारीत मोडलं, मे महिन्यात तिचा साखरपुडा झाला, आणि तिचा मामेभाऊ शनिवारी कहोन (वर बसून हातानं वाजवायची ती लाकडी पेटी) वाजवायला येणार आहे. म्हणून ‘तू मला सोडलंस’ असं उघड बोंबलणारं नको.) गिटार दीड वर्ष शिकालोय, पण बार कॉर्ड (एकाच बोटानं आडव्या सगळ्या तारा दाबायच्या तो) धरला की बोटं रडतात. हिंदी सिनेमातली गाणी सुचवू नका, ती बाकीचे म्हणणारच आहेत.

खानापूरचा_पाऊस: पर्ल जॅमचं ‘ब्लॅक’. १९९१ चा ‘टेन’ अल्बम. कंपनी सिंगल काढा म्हणून मागं लागली होती, बँडनं काढू दिलं नाही. कडव्यात ई आणि ए, दोनच कॉर्ड. शेवटी शब्द संपून नुसतं गुणगुणणं उरतं, तिथं सगळी गच्ची तुझ्याबरोबर गाईल बघ.

निपाणीचा_पाव्हणा: ते त्यांचा गायक एडी वेडर, त्याच्या छातीतनं येतंय मर्दा. बेताच्या आवाजात म्हटलं तर सर्दी झाल्यासारखं वाटेल. आरईएमचं ‘लूझिंग माय रिलिजन’ घे की. तेही १९९१ चंच. मूळची धून मँडोलिनवर आहे, पण गिटारवर मजेत बसते. नाव ऐकून दचकू नको, अमेरिकेच्या दक्षिणेकडं तो वाक्प्रचार आहे, डोकं फिरणं, धीर सुटणं अशा अर्थाचा.

अनगोळ_अनप्लग्ड: हे मित्राच्या आजोबांना कोण समजावणार? गच्ची त्यांची आहे.

पांढरी_पाच: मी रॉकवाला नाही, भजनात पेटी वाजवतो. पण भाच्यानं रेडिओहेडचं ‘क्रीप’ (१९९२) ऐकवलं, तेव्हा पेटी काढून बसलो. जी, बी, सी, सी मायनर हे चारच कॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आता पेटीची पांढरी पाच पट्टी, म्हणजे जी, सा धर आणि प्रत्येक कॉर्डमधला एकच सूर ऐक. जी मध्ये पंचम, बी मध्ये कोमल धैवत, सी मध्ये शुद्ध धैवत, सी मायनरमध्ये पुन्हा कोमल, आणि जी आला की परत पंचमावर. दोन पायऱ्या चढतो, दोन उतरतो, आणि होता तिथंच येऊन बसतो. गाण्यातलं दुखणं सगळं तिथं आहे, शब्द कळले नाहीत तरी चालतंय. आमच्याकडं याला काय म्हणतील ते सोडा, मला तर चार वेळा ऐकूनही पुरलं नाही.

खानापूरचा_पाऊस: काका, मानलं. पण ते एकतर्फी प्रेमाचं आहे. याचं तर जमून मोडलंय.

अनगोळ_अनप्लग्ड: एकतर्फीच बरं. मामेभावाच्या हाती पुरावा नको. पण बी आणि सी मायनर दोन्ही बारवाले हो, काका!

निपाणीचा_पाव्हणा: बी च्या जागी बी सेव्हन धर, काकांचा कोमल धैवत त्यातही आहे. सी मात्र तिसऱ्या पडद्यावर बार करूनच घे, म्हणजे सी मायनरला फक्त दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याऐवजी चौथा दाबायचा. शेवटची उंच ओळ झेपत नसेल तर सगळ्या तारा दोन पडद्यांनी उतरवून घे. आणि अल्बममध्ये एक शिवी आहे, रेडिओसाठीच्या आवृत्तीत तिथं ‘व्हेरी’ म्हटलंय. आजोबांसाठी तेच बरं.

पांढरी_पाच: धृपदाआधी गिटारवर ते दोन-तीन खाटकन फटके आहेत, ते विसरू नको. भाचा म्हणतो, जॉनी ग्रीनवुड म्हणून कोण आहे त्याचे.

अनगोळ_अनप्लग्ड: काल रात्री बसलो. बी सेव्हन आला, सी मायनरला अजून करंगळी सुटते. अकराला आईनं आतनं हाक मारली, “तेवढंच किती वेळा वाजवालास? पुढचं येत नाही काय?” सांगितलं, पुढं हेच आहे. काका, शनिवारी पेटी घेऊन येता काय? कहोनवाल्याशेजारी बसायची माझी तयारी नाही.