घरच्या सुतारकामासाठी राऊटर: तुम्ही कोणता घेतलात?

मुलीसाठी पुस्तकांचं कपाट करतोय. करवत, रंधा, पटाशी एवढ्यावर आजवर निभावलं, पण फळ्या बसवायच्या बारा खाचा पटाशीने मारण्यात दोन रविवार गेले आणि बाराही सारख्या झाल्या नाहीत. आता राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाचा आणि कडा कोरणारं मशीन, घ्यायचाच. दुकानात गेलं की समोरचा फक्त वॉट सांगतो. तुम्ही कोणता घेतलात, कशावर चालवलात, आज पुन्हा घ्यायचा झाला तर तोच घ्याल का, हे सविस्तर लिहा. माझी जागा म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची बाल्कनी. लाकूड बहुतेक सागवान आणि १८ मिमी प्लाय.

नाशिकहून

माझ्याकडे मकिताचा ३७०९ ट्रिमर, म्हणजे छोटा राऊटर, आहे. ५३० वॉट, वेग एकच, मिनिटाला ३०,००० फेरे. सनमायकाच्या कडा साफ करणं आणि टेबलाच्या काठाला गोला मारणं (काठ गोलसर करणं), या कामांना तो एका हातात मावतो. सागवानात खाच मारायची तर दर हाताला दोन मिमीच उतरायचं. सहा मिमीची खाच एका दमात घ्यायला गेलं की मोटर कण्हते आणि लाकूड काळं पडतं. पुन्हा घेतला तर ट्रिमरच घेईन, फक्त वेग कमी-जास्त करता येणारा.

कोल्हापूरहून

दादा, वॉट नंतर बघा, आधी कॉलेट विचारा. बिटाची, म्हणजे फिरणाऱ्या पात्याची, दांडी जी पकडते ती कॉलेट. आपल्याकडे ६ मिमीचे बिट मिळतात आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचेही. दुकानदार दोन्हींना सर्रास "सहाचा" म्हणतो.

देवघराच्या बाजूच्या फळीत खोबण मारत होतो. कॉलेट पाव इंची, बिट ६ मिमीचा. पान्याने नट करकचून आवळला, हाताने ओढून पाहिलं, घट्ट वाटलं. फळीच्या मध्यावर आवाज जड झाला. मला वाटलं सागाची गाठ लागली असेल, म्हणून तसाच पुढे गेलो. मशीन उचलून पाहतो तर खोबण सुरुवातीला ६ मिमी खोल, शेवटाला ९! बिट थोडा थोडा खाली सरकत होता. दांडीवर काळपट वळी उमटली होती. आणखी सरकून तो सुटला असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून बिट घ्यायला जाताना खिशात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असतो. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७, यांचीही तीच गत. बिट लावताना आधी प्लग काढायचा, दांडी तळापर्यंत घालायची, मग दोन-तीन मिमी वर ओढून आवळायची. दांडी तळाला टेकलेली असली की कॉलेट नीट आवळली जात नाही.

न्यू जर्सीहून

इकडे तळघरात जागा आहे, म्हणून राऊटर उलटा करून टेबलाखाली लावलाय. टेबलासाठी अर्धा इंची कॉलेट, दीड हजार वॉटच्या पुढची मोटर आणि बदलता वेग हवाच. दोन इंची बिट १०-१२ हजार फेऱ्यांवरच चालवायचा. बाल्कनीत हे सगळं नको. आणि कोणी नातेवाईक इथून आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. इथली मशीनं १२० व्होल्टची, तुमच्याकडे २३० व्होल्ट.

ठाण्याहून

धुळीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) भुसा पिठासारखा बारीक असतो. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क, चष्मा आणि कानाला मफ लागतातच. घेताना व्हॅक्यूमचं नळकांडं जोडायची सोय आहे का ते बघा. मी शेजारच्या आजींना वेळ विचारून घेतली आहे: सकाळी अकरा ते एक.

सावंतवाडीहून

फणसाच्या पाटाला चारही बाजूंनी गोला मारला आणि शेवटच्या कोपऱ्याचा टवका उडाला. आता आधी लाकडाच्या रेषेला आडव्या दोन कडा मारतो, मग रेषेबरोबरच्या. आडव्या कडेला उडालेला टवका लांब कडा मारताना निघून जातो. हातातलं मशीन बाहेरच्या कडेला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. सुलट फिरवलं तर ते स्वतःच पुढे धाव घेतं.

पुन्हा धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वेग बदलणारा ट्रिमर घेतोय आणि त्याच्या कॉलेटच्या मापाचेच बिट. शनिवारी व्हर्नियर घेऊन बोहरी आळीत जातो. कोल्हापूरकर, त्या फळीचं पुढे काय केलंत?

कोल्हापूरहून

सागाचीच पट्टी रंध्याने निमुळती काढली, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला तीन मिमी. खोबणीच्या तळाला फेविकॉलने बसवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवली. त्याच फळीचं देवघर आज आईच्या खोलीत आहे.