मदत हवी आहे: 'मॅच'सारखे आणखी शब्द सुचवा

बडोद्यात दांडिया बाजारात आठवी-नववीची मराठी मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. परवा एकीने विचारलं, क्रिकेटची मॅच, ब्लाउजचं मॅचिंग समजलं, पण काडेपेटीतली मॅच कुठून आली? काय सुंदर प्रश्न! पहिल्या दोन्हींचं मूळ जुन्या इंग्रजीत, अर्थ जोडीदार, बरोबरीचा. काडीची मॅच मात्र जुन्या फ्रेंचमधल्या वातीवरून आली; तोफेला बत्ती द्यायची दोरीही मॅचच. आपल्याकडे नवरामुलगा 'वर' संस्कृत 'वृ' धातूतला आणि माळ्यावरचा 'वर' 'उपरि'वरून, तसंच हे. मुलं खूश!

रूप एकच पण मुळं वेगळी, अशा शब्दांची इंग्रजीतली आणि मराठीतली आणखी उदाहरणं सुचवाल का? मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आहे. इंग्रजीसाठी शाळकरी मुलांना झेपेल असा कोणता कोश घ्यावा?