बडतर्फी, ‘चाचणीत दोषी’ आणि न्यायालयीन पुनर्विलोकन

प्रश्न : आमच्या कुडाळकडे कोणाचीही नोकरी गेली, तरी ‘तेका कामावरसून काढल्यानी’ एवढेच म्हणतात. अमली पदार्थांच्या चाचणीत दोषी आढळलेल्या सरकारी वाहनचालकाच्या बडतर्फीचा आदेश न्यायालयाने रद्द केला, तर तो ‘निर्दोष सुटला’ असे लिहावे काय?

उत्तर : तसे लिहू नये. आधी शिक्षेचे नाव पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांत सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत : पहिलीने पुढच्या सरकारी नोकरीचे दार बंद होत नाही, दुसरीने ते सामान्यतः बंद होते. फारसीत ‘बर-तरफ’ म्हणजे नुसते ‘बाजूला’, पण शासकीय मराठीत तीच सर्वांत जड शिक्षा झाली. निलंबन ही तर शिक्षाच नव्हे.

‘चाचणीत दोषी’ हा प्रयोग मला फार खटकतो, कारण चाचणीतून केवळ अहवाल मिळतो आणि दोष सिद्ध व्हायचा तो विभागीय चौकशीत. नमुना कोणी घेतला, बाटली मोहोरबंद होती का, अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळाली का, विश्लेषकाची उलटतपासणी घेऊ दिली का, हे प्रश्न तिथेच सुटायला हवेत. ‘चाचणीत अमली पदार्थाचा अंश आढळला’ असे लिहिल्यास कोणावर अन्याय होत नाही.

आता न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे सरकारी निर्णयाची न्यायालयाने केलेली तपासणी. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात (1995) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालय निर्णय कसा घेतला गेला ते तपासते, अपिलाप्रमाणे पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. शिक्षा सदसद्विवेकाला धक्का देण्याइतकी विषम असेल, तरच तिच्यात हात घालते. म्हणून चौकशीतील उणिवेमुळे आदेश रद्द झाला, तर ‘आदेश रद्दबातल ठरवला’ असेच लिहावे. त्या टप्प्यापासून नव्याने चौकशी करण्याची मुभाही पुष्कळदा दिली जाते.

प्रश्न : एसटीच्या चालकालाही हेच लागू का?

उत्तर : नाही. तो महामंडळाचा कर्मचारी असल्याने संविधानाच्या अनुच्छेद 311 चे (सरकारी नोकराला चौकशीशिवाय सहसा बडतर्फ करता येत नाही, हे) संरक्षण त्याला नाही. त्याची वाट बहुधा कामगार न्यायालयातून जाते. राज्य सरकारी कर्मचारी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे आणि मग उच्च न्यायालयाकडे जातो, ज्याचे सर्किट बेंच (मुख्य पीठाबाहेर बसणारे पीठ) रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात आहे.