एवढ्याशा बाळाचा श्वासनलिकेसाठी एमआरआय, तोही भूल न देता?

पिटुकलीची_आई: लेक २७व्या आठवड्यात झाली, आता साडेतीन महिन्यांची आहे पण अजून एनआयसीयूतच (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). रडायला लागली की श्वास सोडताना घर्र घर्र आवाज येतो, ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणतात श्वासनलिका लिबलिबीत असेल, श्वास सोडताना मिटत असेल, ट्रेकिओमलेशिया. आधी दुर्बीण घालून बघणार होते, आता म्हणतायत भूल न देता एमआरआय करू. अहो मोठी माणसं पडून राहत नाहीत, ही कशी राहील? आणि सीटी पटकन होतो ना, मग तो का नको?

चुंबकवाला: मी एमआरआयवरच काम करतो. पोटभर दूध पाजायचं, ढेकर काढायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानात बोळे आणि वरून इअरमफ कारण मशीन ठणाठणा वाजतं. बहुतेक बाळं झोपतात. श्वासाने छाती हलते ती हलू दे, तेच तर बघायचंय! सॉफ्टवेअर श्वास आत घेतानाचा आणि सोडतानाचा डेटा वेगळा करतं, मग दोन्ही वेळेला नळी केवढी आहे ते मोजता येतं. साध्या एमआरआयमध्ये फुप्फुस काळंच दिसतं, सिग्नल मिलिसेकंदाच्या आसपास विरतो, यूटीई नावाचा सिक्वेन्स, म्हणजे चित्र घ्यायची एक पद्धत, तो विरायच्या आत पकडतो. सीटी झटपट होतो हे खरंय पण त्यात किरणं, आणि अशा बाळाला परत परत बघावं लागतं.

रात्रपाळी: एनआयसीयूत नर्स आहे. चुंबकवाल्यांचं बरोबर, पण दुर्बीण बाद झाली असं समजू नका हं. स्वरयंत्राला सूज आहे का, स्वरतंतू हलतात का ते दुर्बिणीतूनच नीट कळतं. तिची अडचण अशी की भुलेखाली बाळ जोर लावून श्वास घेत नाही, आणि चार-पाच मिलिमीटरच्या नळीत दुर्बीणच जागा अडवते. बाहेरून एखादी रक्तवाहिनी नळी दाबत असेल तर ती एमआरआयमध्ये छान दिसते. आणि हो, तोंडातून श्वासाची ट्यूब घातलेली असेल तर तीच नळीला आतून उघडी धरते, मग तेवढ्या भागात मिटणं दिसणारच नाही, हे विचारून घ्या.

पिटुकलीची_आई: ट्यूब नाही, सीपॅपवर आहे, नाकातून दाबाने हवा देतात. पण असं मशीन सगळीकडे असतं का?

चुंबकवाला: मशीन असतं, हा सिक्वेन्स आणि मोजणारा माणूस सगळीकडे नसतो. अमेरिकेत सिनसिनाटीच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलने एनआयसीयूतच बाळांपुरतं छोटं १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं मशीन बसवलं, यातलं बरंच काम तिथलं. तुमच्याकडे बाळाला एमआरआय विभागात न्यावं लागेल, सीपॅप एमआरआयला चालणारा आहे का ते आधी बघतील.

दोनदा_गेलेली: आमचा दुपट्यात गाढ झोपला आणि टेबलावर ठेवल्याबरोबर टक्क जागा, त्या दिवशी परत आणला. दुसऱ्यांदा नर्सने दुधाची वेळच स्कॅनशी जुळवली, झालं एकदाचं. एक सांगते, झबल्याची टिचबटणं बघा, धातूची ना ती, आमची दारातच काढायला लावली.

पिटुकलीची_आई: आत्ता पिशवी उघडून बघितली, तिन्ही झबल्यांना टिचबटणं 😅 बंदांचं शोधते.