ऑपरेशनआधी आजी चहा पेल्या, आता रिफ्लेक्शनमध्ये लिहू काय?

जीएनएम_लातूर:
नमस्कार, मी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या सर्जिकल वॉर्डला पोस्टिंग. मागच्या आठवड्यात एका आजींचं हर्नियाचं ऑपरेशन होतं सकाळी ९ ला. आदल्या रात्री मी सांगितलं, आजी रात्री १२ नंतर काही खायचं नाही, उपाशी राहायचं, समजलं का. त्या हो हो म्हणल्या. सकाळी ६ ला सुनेनं थर्मासातून चहा दिला आणि आजी कपभर चहा पेल्या. ओटीला (ऑपरेशन थिएटरला) न्यायच्या वेळी भूल देणाऱ्या सरांनी विचारलं तेव्हा कळलं, केस दुसऱ्या दिवशीवर गेली, सर सगळ्यांसमोर मला बोलले. आजी आपल्या म्हणायल्यात "मी खाल्लं कुठं माय, चहाच तर पेला."
आता मॅडमनी यावर रिफ्लेक्शन (घडलेल्या प्रसंगाकडं मागं वळून बघून आपण काय शिकलो ते) लिहायला लावलंय. मी दीड पान लिहिलं की पेशंटनी सूचना पाळली नाही, नातेवाईक अडाणी होते वगैरे. मॅडमनी लाल पेननं लिहून दिलं, "यात तू कुठंय?" मला खरंच समजंना काय लिहायचं.

वॉर्डसिस्टर_परभणी:
बाळा, तू फक्त काय घडलं ते लिहिलंस. गिब्जची सायकल (१९८८ ची, रिफ्लेक्शन लिहायच्या सहा पायऱ्या) शिकवली असेल ना? काय घडलं, मला काय वाटलं, चांगलं काय वाईट काय, असं कामून झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. तू पहिल्याच पायरीवर थांबलीस.
"कामून झालं" इथं जरा बस. तुझ्या घरी एकादशीला चहा चालतो का नाही? आपल्याकडं उपासाला बऱ्याच घरी चालतो, तर आजींनी जन्मभर जसा उपास केला तसाच त्या दिवशी केला. त्या तुझं ऐकूनच वागल्या ग. "उपाशी" हा शब्द तुझ्यासाठी वेगळा होता न त्यांच्यासाठी वेगळा. अडाणी हा शब्द खोडून टाक आधी.

ओटी_ब्रदर_नांदेड:
सिस्टरचं बरोबर आहे. "समजलं का" विचारूच नये, आपल्या युनिफॉर्मसमोर कोणी नाही म्हणतच नाही. त्यापेक्षा "आजी, मी नीट सांगितलं का ते बघायलोय, उद्या उठल्यापासून ओटीत जाईपर्यंत काय काय करणार सांगा बरं" असं विचारायचं. त्या म्हणल्या असत्या तोंड धुईन, चहा घेईन, गोळी घेईन, तिथंच सापडलं असतं. टीच बॅक म्हणतात ह्याला. सुनेसमोर विचारायचं, थर्मास तिच्या हातात असतो. आणि कारण पण सांगायचं की भुलीत उलटी होऊन फुफ्फुसात जाऊ शकते. दुधाच्या चहाला हलक्या जेवणासारखेच ६ तास धरतात, साध्या पाण्याला २, पण आपल्या सरांनी जे सांगितलं तेच सांगायचं.

नाइटड्युटी_बीड:
मला एक बोलायचंय. एक सिस्टर न चाळीस पेशंट असतात रात्री, सगळ्यांना कधी बसून विचारणार? बेडला पाटी होती का "पाणी, चहा काहीच नाही" अशी? सकाळी ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरला कोणी बोललं का? हे पण लिही, नाहीतर सगळा दोष पोरीवरच येतो.

वॉर्डसिस्टर_परभणी:
हो, ते लिहायलाच पाहिजे. पण पाटी आजींना वाचता येते का ते आधी बघ.

जीएनएम_लातूर:
सगळ्यांचे आभार. पाटी नव्हती. काल परत लिहायला बसले तर दुसरंच आठवलं, बोलणी खाल्ल्यावर मी त्या दिवशी आजींशी बोललेच नाही, बीपी घेतलं न निघून आले, त्यांनी दोनदा विचारलं "पोरी माझ्यामुळं तुला बोलले का" तरी मी मान खाली घालून होते. हे पहिल्यांदा मी लिहिलंच नव्हतं, आता तिथूनच सुरुवात केलीय. आजींचं नाव टाकलं तर चालतं का?

वॉर्डसिस्टर_परभणी:
नाही, नाव नको, बेड नंबर पण नको, नुसतं "एक आजी" लिही. आणि डिस्चार्ज व्हायच्या आधी जाऊन बोल त्यांच्याशी.