मॅन्टिससाठी सजवलेली काचेची पेटी घेऊ नका (असहमत असाल तर जरूर लिहा)

शेंड्यावरची
मॅन्टिस, म्हणजे प्रार्थना कीटक, पाळायला निघालेल्या प्रत्येकाला आधी टेरेरियमचे फोटो दाखवले जातात. खाली मातीचा थर, त्यावर शेवाळ, दोन-तीन झाडं, मधे आडवं लाकूड. बघत राहावं इतकं देखणं. तरीही पहिल्या मॅन्टिससाठी ही चुकीची खरेदी आहे, असं माझं ठाम मत आहे. मॅन्टिसला जमिनीचं काय करायचंय? त्याला छत लागतं.

हे मी एक मादी गमावून शिकले. पेटीचं झाकण गुळगुळीत काचेचं होतं, म्हणून शेवटची कात टाकताना ती एका पानाच्या कडेला उलटी लटकली. पाठीवर कात चिरली, डोकं बाहेर आलं, मग पुढचे पाय. तेवढ्यात पान वाकलं आणि ती खाली मातीत पडली. मागचे पाय जुन्या कातीत अडकलेलेच होते. नवी त्वचा लोण्यासारखी मऊ असते आणि सुकताना ज्या आकारात असेल त्याच आकारात घट्ट होते. तिचे पाय पिळलेले राहिले, पंख चुरगळलेले. तीन दिवसांनी गेली.

आता मी जाळीचाच पिंजरा वापरते. उंची मॅन्टिसच्या लांबीच्या किमान तिप्पट, रुंदी दुप्पट. म्हणजे 7 सेंमीच्या मादीला 21 सेंमी उंच, 14 सेंमी रुंद. छताखालची जागा मोकळी, तिथे एकही काडी नाही. कातीतून सुटताना तिला आपल्या लांबीच्या दुप्पट तरी खाली उतरावं लागतं.

दवबिंदू
तुमच्या मादीचं वाचून फार वाईट वाटलं. पण दोष काचेचा नव्हता, झाकणाचा होता. त्याच झाकणाला आतून नायलॉनची जाळी ग्लू गनने चिकटवली असती तर ती बहुधा वाचली असती. माझ्या सगळ्या पेट्यांना तशीच जाळी आहे.

मी ऑर्किड मॅन्टिस पाळतो. हा आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतला कीटक. चारी बाजूंनी जाळी असली की फवारलेलं पाणी तासाभरात उडून जातं, आणि हवा कोरडी पडली की कात अंगावरच अडकते. म्हणजे तुम्ही पडण्याची भीती घालवता आणि अडकण्याची आणता. “जाळीच घ्या” हा सल्ला सगळ्या जातींना लावू नका, एवढीच विनंती.

शेंड्यावरची
@दवबिंदू, ऑर्किडपुरतं मान्य. पण नवखा माणूस ऑर्किडने सुरुवात करत नाही, करूही नये. हायरोडुला, स्फोड्रोमॅन्टिस यांसारख्या दणकट जातींना रोजचा हलका फवारा पुरतो. थेंब चाटून पाणी पितात, तेवढ्यात भागतं. नवख्याची चूक बहुतेक वेळा उलटी असते. तो बंद पेटीत फवारतच राहतो, हवा कोंडते आणि उरलेल्या भक्ष्यावर बुरशी धरते.

काडीकाडी
कोणती जाळी नको हे दोघांनीही सांगितलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. धातूची जाळी नको. पायाच्या टोकाची नखं तिच्यात अडकतात, मॅन्टिस हिसका देतो आणि टोक तुटतं. पिल्लाचा तुटलेला भाग पुढच्या एक-दोन कातींत भरून येतो. प्रौढाची कात संपलेली असते, त्यामुळे ते नुकसान कायमचं. मऊ कापडी जाळी पायांना चांगली, पण खायला सोडलेले रातकिडे ती कुरतडून पळतात. अशा पिंजऱ्यात माश्याच सोडा.

आणि दार पुढून उघडणारं हवं. वरचं झाकण उघडता तेव्हा तुम्ही त्याचं छतच उचलत असता. कात टाकायच्या दिवशी असं झालं तर?

पानआड
उंचीच्या आग्रहाला माझा विरोध आहे. तिप्पट ठीक, पण लोक “मोठं तेवढं चांगलं” असं धरून हातभर उंच पिंजरे आणतात. अंड्यांनी पोट भरलेली मादी जड असते. ती वरून कडक तळावर आपटली तर पोट फाटू शकतं, आणि मग काही करता येत नाही. प्रौढ मादीला बेताची उंची द्या आणि तळाला मऊ कागद घाला.

अगदी लहान पिल्लांना तर जाळीचं झाकण असलेला प्लास्टिकचा पेलाच बरा. फळमाश्या समोर राहतात, त्याने खाल्लं की नाही हेही कळतं.

दवबिंदू
पेल्याशी सहमत. मातीच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. दोन बोटं ओलसर माती असली की दमटपणा टिकतो, आणि तिच्यात स्प्रिंगटेल, म्हणजे मातीत राहणारे बारीक जीव, सोडले की ते बुरशी खातात. सजावट म्हणून ती घातलेली नाही.

शेंड्यावरची
रातकिडे मातीत दडतात आणि रात्री बाहेर येतात. ही धास्ती मला नको. काच, वर जाळी, पुढून दार, तळाला कागद, इथपर्यंत मी येते. माती नाही.

पहिलीवेळ
मधे बोलतोय, माफ करा. माझ्या हायरोडुलाने दोन दिवस काही खाल्लं नाही. पाठीवरचे पंखांचे उंचवटे फुगलेत, जाळीला उलटी लटकून आहे. पिंजरा लहानच वाटतोय. धागा वाचून नवा आणलाय. आज रात्री हलवू का? जुन्या पिंजऱ्यात एक रातकिडाही आहे.

काडीकाडी
@पहिलीवेळ, तिच्या खाली तिच्या लांबीच्या दुप्पट जागा आहे ना? मग हात लावू नका. शेवटची कात आहे, आजउद्या टाकेल. रातकिडा मात्र आत्ता काढा, हळूच, पिंजरा न हलवता. मऊ अंगाला तो चावतो.

शेंड्यावरची
आणि कात टाकल्यावरही निदान एक दिवस तशीच लटकू द्या. पंख सुकायला वेळ लागतो. नवा पिंजरा त्यानंतर.

पहिलीवेळ
रातकिडा काढला. खाली मोजलं, 16 सेंमी आहे. ती साधारण 6. दिवा बंद करून बसलोय.